पंप बदलण्याआधी

फोंडा, गोवा
९ जुलै

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर म्हणालास, काकींच्या खोलीतल्या एसीचं पाणी भिंतीवरून उतरतंय आणि मेकॅनिकने ‘पंप गेला, नवा घाला’ म्हणून सांगितलंय. जरा थांब. गेल्या आषाढात आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं.

आईची खोली माजघराला लागून. बाहेरची भिंतच नाही, त्यामुळे पाण्याच्या नळीला उतार मिळेना, म्हणून पंप बसवला. पावसात आपण एसी लावतो तो गारव्यापेक्षा दमटपणा काढायला. आईला दमा आहे, तिला तो लागतोच. पण अशा हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणीसुद्धा काढतो, आणि ते सगळं त्या मुठीएवढ्या पंपाने वर चढवायचं!

पहिल्यांदा मेन स्विच बंद कर. नुसत्या रिमोटवर जाऊ नकोस, पंपाला वीज चालूच राहते. मग पंपाची छोटी टाकी उघड. आमच्या टाकीतला फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर तरंगणारा तुकडा, मी दोन बोटांनी उचलला तर तो सुटेचना. खाली करड्या रंगाचा बुळबुळीत थर, भेंडीच्या तारेसारखा चिकट. फ्लोट वर आला नाही की पंपाला पाणी आल्याचं कळतच नाही. पंप धडधाकट होता रे, त्याला हाकच पोचत नव्हती. जाळी, टाकी, फ्लोट सगळं कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासलं. फ्लोटमध्ये चुंबक असतो, उलटा बसला तर पंप चालत नाही. म्हणून काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेव.

सगळं पुसून, झाकून मेन स्विच चालू कर आणि एसीच्या ट्रेमध्ये कपभर पाणी हळूहळू ओत. पंप सुरू होऊन पाणी बाहेर पडलं तर नव्याचा खर्च वाचला. मोटर घरघरते पण पाणी जात नाही, असं झालं तर नळी कुठे मुडपलीय का, तुंबलीय का ते बघ. पंप थांबतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो, असं सारखं होत असेल तर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारी झडप, पाणी धरत नाही. चढलेलं पाणी परत टाकीत येतं. आणि फ्लोट मोकळा, वीज पोचतेय, तरी पंप ढिम्म, तरच नवा घे.

आता जे मला खरं सांगायचंय ते. पंपातून सेफ्टीच्या दोन तारा निघतात. पंप बंद पडून पाणी वाढलं की त्यांनी एसी थांबवायचा असतो. आमच्याकडे बसवणाऱ्याने त्या जोडल्याच नव्हत्या, टेप गुंडाळून आत कोंबून ठेवल्या होत्या. म्हणून एसी रात्रभर चालत राहिला आणि पाणी थेट खालच्या लाकडी कपाटात. बाबांची जुनी पत्रं त्यात होती. आईने एकेक कागद पंख्याखाली वाळत घातला, काहींची शाई पुरती फुटली. त्या दिवशीचा तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. तुझ्या तारा जोडल्यात का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेच, आणि तोवर काकींचा पलंग त्या भिंतीपासून सरकव.

रविवारी मी वास्कोला येतोय. तोवर टाकी उघडली नसशील तर दोघं मिळून उघडू. काकींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
विनय