चाळिशीनंतरचे दादासाहेब फाळके

मा. संपादक यांस, स. न. वि. वि.

निकालानंतर मुलांची दिशा तत्काळ ठरलीच पाहिजे, असा हट्ट घरोघरी दिसतो, तेव्हा १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके आठवतात. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यातील छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, मुद्रणाचा धंदा आणि जादूचे प्रयोगसुद्धा, असा त्यांचा प्रवास झाला. प्लेगने पहिली पत्नी हिरावली आणि भागीदारांशी मतभेद होऊन छापखानाही सुटला. चित्रपटाने त्यांना झपाटले ते त्यानंतर. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. रंग, छायाचित्रण, रसायने, हातचलाखी यांपैकी काहीही वाया गेले नव्हते, आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी घर सांभाळून फिल्मचे कामही केले, हे मला विशेष मोलाचे वाटते.

— एक निवृत्त शिक्षक, नाशिक