व्हरायटी म्हणजे रोज नवा व्यायाम नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आरोग्य पुरवण्यांमध्ये व्यायामाचे जे तक्ते छापून येतात ते बहुतेक नवशिक्यांसाठीच असतात, इतकं चाला, इतक्या बैठका मारा वगैरे. त्यात गैर काहीच नाही, पण जी माणसं वर्षानुवर्षं व्यायाम करतायत त्यांनी आठवडा कसा आखायचा यावर कुणी फारसं लिहीत नाही. मी ट्रेनर आहे, आणि खरं सांगते, फिट क्लायंटचं प्लॅनिंग जास्त अवघड जातं. नवशिक्याला काहीही दिलं तरी फरक दिसतो. फिट माणसाची प्रगती सावकाश होते, मग कंटाळा येतो, "मॅडम, काहीतरी नवीन द्या ना" सुरू होतं आणि बरेच ट्रेनर रोज नवीन काहीतरी द्यायला लागतात, आज बॉक्स जंप, उद्या केटलबेल, परवा बॅटल रोप. घाम निघतो, दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, क्लायंट खूश. पण दोन महिन्यांनी विचारा की स्क्वॉटचं (खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठकांचं) वजन किती वाढलं, तर सांगता येत नाही, कारण एकही व्यायाम सलग केलेलाच नसतो.

माझं स्पष्ट मत आहे की स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), प्रेस (वजन वर ढकलणं), पुलअप (दांड्याला लटकून अंग वर ओढणं) हे मुख्य व्यायाम चार ते सहा आठवडे तेच ठेवावेत आणि बदल करायचा तो वजनात, रेप्समध्ये (म्हणजे न थांबता किती वेळा करायचं त्यात), वेगात आणि विश्रांतीत. सोमवारी जड स्क्वॉट, ५ रेप्सचे सेट, म्हणजे सलग पाचदा करून थांबायचं, मध्ये तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. गुरुवारी तोच स्क्वॉट हलक्या वजनावर, ८ ते १० रेप्स, पण खाली जाताना सावकाश तीन सेकंद. व्यायाम एकच, पण शरीराला काम वेगळं आणि दुसऱ्या दिवशी थकवाही वेगळा. मंगळवार-शुक्रवार वरचं शरीर, त्यातही एक दिवस जड आणि एक हलका. जड सेटमध्ये मी शेवटच्या दोन रेप्सवर डोळा ठेवते, बार वर येताना मध्येच अडखळला, गुडघे आत झुकले किंवा टाचा उचलल्या की सेट तिथेच संपला, मग वहीत काहीही लिहिलेलं असो.

सगळ्यात जास्त वाद होतो तो बुधवारच्या कार्डिओवरून. मी सांगते आरामात पळा, सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, आणि फिट माणसाला नेमकं तेच जमत नाही, तो तिथेही टायमिंग काढायला जातो. जोरात पळायला शनिवार आहेच की, ४ मिनिटं जोरात, ३ मिनिटं हळू, असं चारदा, बास. रोजच जोर लावला तर ताकदीवर परिणाम होतो, संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्येच हे दाखवलं होतं. वजनांचा जड व्यायाम आणि दमवणारा कार्डिओ दोन्ही आठवड्यातले बहुतेक दिवस करणाऱ्यांची ताकद आधी वाढली, पण सात-आठ आठवड्यांनंतर वाढायची थांबली आणि शेवटी उतरायला लागली. रविवारी सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सुट्टीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय. फिट क्लायंट हे केव्हाच ओलांडून गेलेला असतो, त्यामुळे त्याला आणखी मिनिटं वाढवून देण्यापेक्षा कुठल्या दिवशी किती जोर लावायचा हे ठरवून देणं महत्त्वाचं. चार-सहा आठवडे झाले की एक आठवडा सेट निम्मे करायचे, वजन साधारण तेच. याला क्लायंट लवकर तयार होत नाहीत, पैसे भरून कमी व्यायाम का करायचा असं त्यांना वाटतं, पण झोप बिघडली, सकाळची नाडी नेहमीपेक्षा वाढलेली राहिली, नेहमीचं वजन जड लागायला लागलं तर थांबायलाच हवं, तेव्हा रेटून दुखापत झाली की मग कित्येक आठवडे हातचे जातात.

म्हणून विनंती एवढीच की यापुढे व्यायामाचा तक्ता छापताना तो कुणासाठी आहे, दोन सेटमध्ये विश्रांती किती आणि हलका दिवस कुठला, हेही त्यात जरूर द्या.

आपली,
एक फिटनेस ट्रेनर