मोठा खेळाडू पुढे गेला की गर्दीही जाते

महोदय,

ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप ही गोल्फस्पर्धा झाली. रोरी मॅकिलरॉयसारखा नामवंत गोल्फपटू येणार म्हणून तिची चर्चा झाली, टॉमी फ्लीटवूड जिंकला म्हणून बातमी आली. दिल्लीत भाचीकडे मुक्काम असल्याने मला ती दोरीला लागून उभं राहून बघता आली. तिथे प्रेक्षक कसे वागले याबद्दल मात्र कुठेच वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र.

जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियममध्ये आपण तिकिटावरच्या खुर्चीत बसतो आणि खेळ समोर चालतो. गोल्फमध्ये एकतर एखाद्या गटाबरोबर अठरा होल चालायचं, नाहीतर एका ग्रीनपाशी, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपाशी, ठाण मांडून येणारा प्रत्येक गट बघायचा. दोन्हीत मजा आहे. क्लबच्या लोधी कोर्सवर जुने घुमट आहेत, मोर आहेत आणि फेअरवेच्या, म्हणजे होलकडे जाणाऱ्या मोकळ्या पट्ट्याच्या, दोन्ही बाजूंना अशी दाट झुडपं की भलेभले खेळाडू ड्रायव्हर ही लांब फटक्याची काठी बॅगेतच ठेवून आखूड पण सरळ मारत होते. चेंडू झुडपात गेला तर शोधायला तीनच मिनिटं मिळतात. जागतिक दर्जाचा खेळाडू आपल्यापासून चार पावलांवर उभा राहून बॅग वाहणाऱ्या कॅडीशी वाऱ्याबद्दल बोलतोय, हे दुसऱ्या कुठल्या खेळात ऐकायला मिळतं?

पहिले दोन दिवस तिघातिघांचे गट असतात. अशाच एका गटातल्या नावाजलेल्या खेळाडूने चेंडू होलमध्ये घातला आणि दोरीलगतची गर्दी पुढच्या टीकडे, म्हणजे पुढचा होल सुरू होतो त्या जागेकडे, धावली. ग्रीनवर अजून एक भारतीय मुलगा उरला होता. चेंडू होलपासून जेमतेम चार फुटांवर. तो पटरवर, म्हणजे ग्रीनवर चेंडू हलकेच ढकलायच्या काठीवर, वाकला आणि पुन्हा सरळ झाला, कारण समोरून माणसं जात होती, कुणाचा तरी फोन वाजत होता. गर्दी आवरणारे मार्शल दोन्ही हात वर करून उभे होते, त्यांच्याकडे बघतो कोण! कॅडीने हलकेच हात दाखवून त्याला थांबवलं. मुलाने पुन्हा पहिल्यापासून रेषा पाहिली, मारलं, आणि चेंडू होलच्या कडेला लागून बाहेर राहिला.

तीनशे यार्डांचा फटका असो की पटरने मारलेला चार फुटांचा पट, कार्डावर दोन्हींची किंमत एकच फटका. पहिल्या दोन दिवसांच्या ३६ होलनंतर कट लागतो, म्हणजे वरचे खेळाडूच पुढे खेळतात, आणि त्यात जो बसत नाही त्याचे शनिवार-रविवारही जातात आणि बक्षिसाचे पैसेही. त्या मुलाचं पुढे काय झालं हा मुद्दाच नाही. त्याला शांतपणे खेळू देणं आपल्या हातात होतं आणि आपण ते केलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

क्रिकेटमध्ये साइटस्क्रीनसमोर कुणी हललं तर फलंदाज थांबतो आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. गोल्फमध्ये खेळाडूच्या नजरेसमोरचं सगळंच साइटस्क्रीन असतं. ओरडायला माझी ना नाही. चेंडू पडल्यावर हवं तेवढं ओरडा, टाळ्या वाजवा, खेळाडूंनाही ते हवंच असतं. पण गटातल्या तिघांचेही चेंडू होलमध्ये जाईपर्यंत जागचं हलू नये. ज्या आपल्या नागपूर गावच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, त्या गावाला शांततेची किंमत मी वेगळी काय सांगणार.

आपल्या क्रीडापानाला एक विनंती आहे. इंडियन ओपन ही १९६४ पासूनची गोल्फस्पर्धा आहे, पण तिचा निकाल तेवढा छापून येतो. यापुढे ती जवळ आली की आधीच एक चौकट द्यावी: पार कशाला म्हणतात, कट कधी लागतो, मार्शलचा हात वर गेला की काय करायचं आणि ग्रीन सोडून कधी निघायचं. नागपूरहून दिल्लीला रात्रीच्या गाडीने जाऊन ही स्पर्धा बघता येते. शाळांमधल्या क्रीडाशिक्षकांना ती चौकट कापून फळ्यावर लावता येईल. मी तीस वर्षांहून अधिक काळ तेच काम केलं, तेव्हा अशी कात्रणं मुलं मधल्या सुटीत उभी राहून वाचतात हे खात्रीने सांगते.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, धरमपेठ, नागपूर