ठिपका दिसेनासा झाला त्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या मंगळवारी मोबाईलवरच्या नकाशातून आमच्या जहाजाचा ठिपका नाहीसा झाला, म्हणून बाबांनी कंपनीच्या कार्यालयात तीन वेळा फोन केला आणि आई अंबाबाईच्या देवळात जाऊन बसली, हे दादाच्या निरोपावरून कळले. कार्यालयाने ‘जहाज ठीक आहे’ एवढेच सांगून फोन ठेवला. हा खुलासा खरे तर मी सुट्टीवर असतानाच करायला हवा होता.

तुम्हांला दिसतो तो ठिपका ‘एआयएस’ या यंत्राचा. जहाज चालत असताना आपली जागा, वेग आणि दिशा ते दर 2 ते 10 सेकंदांनी व्हीएचएफ रेडिओवरून सांगत राहते. जवळपासच्या जहाजांची टक्कर होऊ नये, हा त्याचा मूळ हेतू. या लहरी साधारण नजरेच्या टप्प्याइतक्याच जातात. पन्हाळ्यावरून दिसणाऱ्या गाडीचा दिवा डोंगराआड गेला, तर गाडी दरीत पडली असे आपण समजत नाही. तसेच किनाऱ्यावरच्या ॲन्टेनांना भर समुद्रातले जहाज ऐकू येत नाही, आणि उपग्रहांनी टिपलेली माहिती फुकटच्या नकाशावर सहसा दाखवत नाहीत. शिवाय जहाजाच्या सुरक्षिततेला धोका वाटल्यास कॅप्टन हे यंत्र बंद ठेवू शकतात. चाच्यांनाही तोच नकाशा दिसतो, हे आईला सांगू नका.

जहाजाची खरी हजेरी ‘एलआरआयटी’ या, जहाजांचा दूरवरून माग ठेवणाऱ्या, व्यवस्थेत लागते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2006 मध्ये ‘सोलास’ या समुद्रावरील जीवसुरक्षेच्या करारात घातलेला हा नियम 1 जानेवारी 2008 पासून अमलात आला असून, परदेशी सफरीवरची प्रवासी जहाजे आणि 300 ग्रॉस टन व त्यावरची मालवाहू जहाजे त्यात येतात. रात्री बारा ते चार माझी वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, असते, तेव्हा ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीच्या, कोपऱ्यात त्या संचाचा छोटा हिरवा दिवा शांतपणे जळत असतो. कोणी हात न लावता दर 6 तासांनी तो संच जहाजाची ओळख, अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ उपग्रहामार्फत पाठवतो. आमचे जहाज भारतीय ध्वजाचे असल्यामुळे ही माहिती नौवहन महासंचालनालयाच्या राष्ट्रीय केंद्राकडे जाते. स्वतःच्या किनाऱ्यापासून 1000 सागरी मैलांच्या आत आलेल्या जहाजाची माहिती इतर देशही मागू शकतात, त्याचे पैसे मात्र त्यांनी भरायचे. शोध आणि बचाव पथकांना ती मोफत मिळते. सर्वसामान्यांना ती मुळीच दिसत नाही, म्हणून बाबांनी शोधत बसू नये.

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की बाबा सकाळ-संध्याकाळऐवजी तासातासाला पातळी पाहतात ना, तसेच येथेही आहे. गरज भासल्यास किनाऱ्यावरूनच आज्ञा देऊन हा 6 तासांचा अवधी 15 मिनिटांपर्यंत कमी करता येतो. आम्हांला काही करावे लागत नाही.

शुक्रवारी रात्री उशिरा आम्ही संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा बंदराजवळ पोहोचू, तेव्हा ठिपका पुन्हा दिसू लागेल. नांगर टाकल्यावर तो तासन् तास जागचा हलणार नाही, तेव्हा कार्यालयात फोन करू नये. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये.

आपली,
धाकटी