त्या नाण्याला तीन ओळी तरी द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाणी-प्रदर्शनावरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचून मी नाशिकच्या मामेभावाला फोन केला. दादा शाळेत इतिहास शिकवत. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. ते पहाटेच्या गाडीने आले. प्रदर्शन काल पाहिले, आज पत्र लिहितो आहे, कारण राग अजून उतरलेला नाही.

लेखात म्हटल्याप्रमाणे सातवाहनांची नाणी तिथे आहेत. पण पाहायची कशी? ज्या नाण्यासाठी दादा आले, ते काचपेटीच्या कोपऱ्यात मखमलीवर पडले होते. वरची ट्यूब लुकलुकत होती. शेजारी चिठ्ठी : ‘चांदीचे नाणे. प्राचीन काळ.’ बस्स! नाणे आजच्या रुपयाहून लहान. भिंग नाही, मागची बाजू दिसावी म्हणून खाली आरसा नाही. दादा वाकले, मान तिरपी केली आणि म्हणाले, ‘‘हे बघ, तीन कमानींच्या टेकडीखालून नाक डोकावतंय. ते नहपानाचं.’’

खरेच दिसले. हरलेल्या क्षत्रप राजाचा, नहपानाचा चेहरा आणि त्याच्यावर जिंकणाऱ्या गौतमीपुत्राने मारलेला टेकडीचा ठसा. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या लेखात, तिच्या मुलाने क्षहरात वंश, म्हणजे नहपानाचे घराणे, निःशेष केल्याचे कोरले आहे. त्याचा नखाएवढा पुरावा समोर होता आणि सहलीला आलेली शाळेची मुले त्यापुढून पळत निघून गेली. मुलांचा काय दोष? दादांनी त्यांतल्या दोघांना थांबवून ते नाक दाखवायला बोट पुढे केले, तोच रखवालदार ओरडला, ‘‘ओ काका, काचेला हात नको!’’ तो त्याचे काम करत होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण माहिती द्यायला सबंध दालनात कोणीही नसावे? शिवरायांची तांब्याची नाणी, म्हणजे शिवराया, मांडल्या होत्या, त्याही सगळ्या एकाच बाजूने. ‘श्री राजा शिव’ वाचले. मागचे ‘छत्रपति’ मुलांना दिसलेच नाही.

दादांचा उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून जेवायला मुंढव्याच्या एका मायक्रोब्रुअरीत नेले. पुण्यात अशी पहिली जागा 2009 मध्ये सुरू झाली, आता बऱ्याच आहेत. दादांनी मात्र तिथल्या तिथे बनवलेली ताजी बिअर कधी चाखली नव्हती. फळ्यावर प्रत्येक बिअरपुढे खडूने लिहिले होते : धान्य कोणते, कडूपणा किती, अल्कोहोल किती टक्के. गव्हाच्या बिअरचा घोट घेऊन दादांनी विचारले, ‘‘ह्यात केळं घातलंय का रे?’’ वाढणारा पोरगा विशीतला. म्हणाला, ‘‘नाही काका, केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळे येतो.’’ मग वाटीत मूठभर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, घेऊन आला आणि आम्हाला चावून बघायला लावले. कच्चे वेगळे, भाजलेले वेगळे. भाजलेल्याला कॉफीसारखी चव होती. रवा लावून तळलेले बोंबील आले, गरम खिमा-पाव आला, आणि सकाळपासून गप्प असलेले दादा नहपानाच्या जावयापर्यंत, उषवदातापर्यंत बोलत गेले. शेजारच्या टेबलावरची मंडळीही ऐकू लागली. दिवस सार्थकी लागला तो तिथे.

त्या पोराला आपल्या मालाचा अभिमान होता आणि समोरच्याला तो कळावा अशी मनापासून इच्छा होती. प्रदर्शन भरवणाऱ्यांकडून याहून जास्त आम्ही काय मागतो? भिंग, आरसा, चालू ट्यूब आणि एक छापील कार्ड याला कोट्यवधींचा निधी लागत नाही.

जाता जाता तुमच्याबद्दलही. पुरवणीत याच नाण्याचा फोटो उलटा छापला आहे, टेकडी खाली डोके वर पाय! फोटोखाली ओळही नाही. लेख लिहिणारे स्वतः दालनात गेले होते का?

प्रदर्शन महिनाअखेरपर्यंत आहे. कार्डाचा मजकूर दादांनी जेवतानाच लिहून दिला आहे. आयोजकांनी तो खुशाल वापरावा, आणि तुम्हीही छापावा :

‘क्षत्रप नहपानाचे चांदीचे नाणे. त्याचा पराभव केल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने त्यावर आपला ठसा उमटवला. टेकडीच्या चिन्हाखाली नहपानाचा चेहरा अजून दिसतो. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सापडलेल्या 13 हजारांहून अधिक नाण्यांत अशी ठसा मारलेली नाणी हजारोंनी होती.’

आपला,
एक वाचक, पुणे