जुन्या पुस्तकातलं कलम

लिस्बन,
आषाढी एकादशी

चि. छोटीस अनेक आशीर्वाद,

पणजीला लॉला तुझा प्रवेश झाला हे आईने फोनवर सांगितलं, आणि पाठोपाठ तुझी पुस्तकांची यादी आली. अठरा पुस्तकं! बाबांना एवढ्यात पैसे काढायला लावू नकोस. आधी हे पत्र वाच. यातलं फोनवर सांगायला गेले की माझा आवाज जातो, म्हणून लिहिते आहे.

२०२४ ची दिवाळी नुकतीच झाली होती. मी पणजीत ज्युनिअर होते. चोरीच्या केसमध्ये एक मजूर १४ महिने तुरुंगात होता. पहिलाच गुन्हा, दुसरी कुठलीही केस नाही. जामीन मंजूर झालेला, पण जामीनदार मिळेना. त्याची बायको आपल्याकडचीच, दोडामार्गची. तिने विचारलं, "ताई, कधी सुटतील?" मी माझं कॉलेजातलं सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, उघडलं. कलम ४३६अ : कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून, म्हणजे खटला संपण्याआधीच, आत गेला की सुटका. चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षं, म्हणजे दीड वर्ष. मी म्हटलं, मार्चमध्ये बघू. तिने बोटांच्या पेरांवर महिने मोजले, मान डोलावली आणि गेली.

तीन आठवड्यांनी भलत्याच कामासाठी निकाल चाळताना मला कळलं. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली होती, आणि तिच्या कलम ४७९ मध्ये पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला एक तृतीयांश काळ पुरेसा होता. आधीपासून आत असलेल्यांनाही हा फायदा द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्येच स्पष्ट केलं होतं. त्या माणसाचं वर्ष सप्टेंबरातच भरलं होतं. दुसऱ्या दिवशी अर्ज टाकला, तो सुटला. मधले तीन आठवडे मात्र माझ्या जुन्या पुस्तकाने खाल्ले. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चारांतले साधारण तीन कैदी कच्चेच असतात. एकेक दिवस मोजणारी अशी किती माणसं असतील, विचार कर.

म्हणून यादीतली गाइडं पहिल्यांदा खोड. तीन बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीपांशिवाय नुसत्या कायद्याची पुस्तकं, घे : भारतीय न्याय संहिता (३५८ कलमं), नागरिक सुरक्षा संहिता (५३१), साक्ष्य अधिनियम (१७०). घेतल्या घेतल्या समासात पेन्सिलीने जुने नंबर लिही. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, ४२० चं ३१८, एफआयआरचं १५४ आता १७३. कोर्टाच्या व्हरांड्यात अजून लोक "तीनशे दोन"च म्हणतात, ते ऐकून गोंधळू नकोस. आणि जुनी आयपीसी, म्हणजे न्याय संहितेच्या आधीची दंड संहिता, रद्दीत घालू नकोस. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला शिक्षा तिच्याच कलमाने होते. त्या मजुराला कलम लागलं होतं चोरीचं जुनं ३७९, सुटका मिळाली नव्या ४७९ ने. दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर उघडी लागतात ती अशी.

कायद्यात दुरुस्ती झाली का ते इंडिया कोड या सरकारी साइटवर बघायचं, फुकट आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या ई-एससीआर या साइटवर तसेच फुकट मिळतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. मुंबई हायकोर्टाच्या पर्वरीतल्या गोवा खंडपीठाचे निकाल हायकोर्टाच्या साइटवर शोध. निकाल पूर्ण वाच, वरचा सारांश वाचून उतरवू नकोस. निबंधासाठी एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचे, आकडे घेशील तर एक ध्यानात ठेव : एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी मोजणीत त्यांतला सगळ्यात गंभीर तेवढाच धरतात. अडलेल्या शब्दाला भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहेच.

गोव्यात आणखी एक कायदा तुला भेटेल, जो आपल्या सावंतवाडीत नाही. म्हापशाच्या मावशीने काकांबरोबर कुळागर (सुपारीची बाग) विकताना खरेदीखतावर सही केली होती, आठवतं? ती सही उपचाराची नव्हती. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने अर्धा वाटा तिचा, तिच्या संमतीशिवाय विक्री होऊच शकत नव्हती. इथे लिस्बनला मी ती संहिता मागितली तर ग्रंथपालबाईंनी मला कायद्याच्या इतिहासाच्या कपाटाकडे नेलं. पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी केली ना! ही आमच्या गोव्यात अजून चालते, असं सांगितल्यावर त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या, अर्धा तास ऐकत राहिल्या. पण छोटी, तिथेही तारीख बघ. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात गेला आहे, तो २०१६ पासून लागू झाला.

पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीचं सभासदत्व पहिल्याच आठवड्यात घे. १८३२ पासूनची लायब्ररी आहे ती, आणि आता नाव आपल्या मराठीत लिहिणाऱ्या कृष्णदास शामाचं आहे. महागडे ग्रंथ तिथे बसून वाच.

माझं जुनं सीआरपीसी मावशीकडे माळ्यावरच्या पेटीत आहे. ४३६अ च्या पानावर त्या बाईने मोजलेले महिने मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत. ते पान खोडू नकोस.

आई-बाबांना नमस्कार. बाबांचं बीपी तपासून घे.

तुझी,
ताई