गिट स्लो, शिव्या मात्र नेटला

संपादक साहेब,
तुमच्याकडं कोडिंग शिकणाऱ्या पोरांसाठी येतं ते छानच, पण एक राहूनच जातंय. आमच्या लातूरच्या ऑफिसात गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) मध्ये स्टेटस, म्हणजे कुठल्या फाइली बदलल्या ते दाखवणारी कमांड, मारली की 40 सेकंद, चहा सांगून यावा, अन् सगळे नेटच्या नावानं ओरडणार, अरे पण स्टेटसला नेट लागतंच कुठं! शेवटी GIT_TRACE_PERFORMANCE हे गिटचं सेटिंग (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) 1 करून तीच कमांड चालवली, कुठल्या पायरीला किती वेळ ते सरळ दिसलं, सगळा वेळ इंडेक्स रिफ्रेशमध्ये, म्हणजे नोंदीतली प्रत्येक फाइल बदललीय का ते बघण्यात, कारण कुण्या बहाद्दरानं नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे बाहेरून उतरवलेल्या तयार लायब्रऱ्यांचं, अख्खं फोल्डर कमिट करून गिटच्या नोंदीत घातलेलं, मग गिट बिचारं हजारो फाइली एकेक तपासत बसतंय. ते ट्रॅकिंगमधून काढलं, गिटइग्नोरमध्ये (गिटनं कशाकडं बघू नये त्या यादीत) टाकलं, झालं. आम्ही तर नवे लॅपटॉप मागायला निघालो होतो!
– एक वाचक, लातूर